दुसऱ्या हाताचं पत्रक

मी कमी बोलणारा माणूस. घरात, भावकीत, ऑफिसात सगळे म्हणतात, ह्यांच्या पोटात गेलेली गोष्ट बाहेर यायची नाही. कौतुकानं म्हणतात. तीन वर्षं मी हे कौतुक ऐकून घेतो आणि मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

माझं काम सांगितलं की पाहुणे आधी हसतात. अरबी आकडे डॅनिशमध्ये न्यायचे आणि डॅनिश आकडे अरबीत. आकडे म्हणजे अंक नव्हेत, तोंडानं बोलायचे शब्द. डेन्मार्कात जाऊन राहिलेली अरबी बोलणारी माणसं फोनवर काही सांगतात, पोराचं वजन, बसचा नंबर, गोळी किती मिलिग्रॅमची, आणि यंत्रानं ते तिथल्या भाषेत लिहायचं. यंत्राला ते शिकवायला हजारो नमुने लागतात. ते नमुने कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर तयार होतात. सात टेबलं, एक पंखा, दोन्ही भाषांतल्या आकड्यांचा एक भिंतभर तक्ता.

मालक माझ्या बायकोचा चुलतभाऊ. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, मला दाजी म्हणतो. मी आखातात एका गोदामात अठरा वर्षं स्टोअरकीपर होतो. परत आलो तेव्हा इथं कुणी नोकरी देईना. त्यानं विचारलं, ‘‘दाजी, अरबीत मोजता येतं न्हवं?’’ मी म्हटलं, ‘‘झोपेत येतं.’’ ‘‘मग झालं की! डॅनिश काय, तक्ता बघून शिकाल.’’

आणि शिकलो. खरं सांगायचं तर आमच्यासारख्याला ते सोपं होतं. अरबी माणूस पंच्याहत्तर म्हणताना पाच आधी म्हणतो आणि सत्तर नंतर. डॅनिश माणूसही तसंच. आपणही तसंच. इंग्रजी शाळेतली मुलं तिथं अडखळायची, मी नाही. दुसरी गोष्ट विसांची. आमचं गाव राधानगरीच्या अंगाला. चुलती शेणी मोजायची ती विसांत. ‘‘अडीच इसा झाल्या, अजून दहा थाप,’’ असं तिचं चालायचं. डॅनिश लोक अजून तसंच मोजतात. पन्नासला ते ‘अर्धा तिसरा’ म्हणतात, म्हणजे दोन वीस पुरे झाले आणि तिसरा अर्धा. हालट्रेस. तसाच सत्तर म्हणजे ‘अर्धा चौथा’, हालफ्येर्स. नव्वद म्हणजे ‘अर्धा पाचवा’, हालफेम्स. आपण सत्तरला साडेतीन विसा म्हणू. हिशोब एकच, फक्त आपण मागचा पुरा झालेला वीस धरून बोलतो आणि ते पुढचा अर्धवट राहिलेला.

हे मी पहिल्याच महिन्यात सगळ्यांना फळ्यावर काढून दाखवलं. सगळे खूश. त्या दिवसापासून मी ऑफिसातला गुरुजी झालो. भिंतीवर तक्ता होता, पण मी त्याच्याकडे पाठ करून बसायचो. ‘‘मला तक्ता लागत नाही,’’ हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल याची आता लाज वाटते.

एक मुलगी आमच्याकडे कामाला लागली तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. मुरगूडची, बौद्ध घरातली, घरात एम.ए. झालेली पहिली. रोज एस.टी.नं ये-जा. मला काका म्हणायची. ती प्रत्येक आकडा तक्त्यात बघायची. शंभराव्यांदा आलेला सत्तरसुद्धा. मी चिडवायचो, ‘‘अगं, अजून पाठ न्हाई व्हय?’’ ती म्हणायची, ‘‘पाठ हाय की काका. पण माझा माझ्यावर इश्वास न्हाई.’’ आणि हसायची.

दुपारी डबे उघडले की तिची खुर्ची कडेला असायची. कुणी तिला लांब बस म्हटलं नव्हतं. फक्त जवळ ये असंही कुणी म्हणायचं नाही. मी उठून तिच्या डब्यातली चटणी घ्यायचो. घेताना इतरांनी बघावं असं मला वाटायचं. हेही लिहूनच टाकतो.

आता कामाची पद्धत. आमच्याकडे त्याला पहिला हात आणि दुसरा हात म्हणतात. एक पत्रक एकजण भरतो, तो पहिला हात. तेच कोरं पत्रक दुसरा, पहिल्याचं न बघता भरतो, तो दुसरा हात. मग संगणक दोन्ही शेजारी लावतो. जिथं फरक पडेल तिथं तक्ता काढून बसायचं. फरक नसेल तर पत्रक थेट बाहेर जातं. म्हणून मालकाचा नियम होता की पहिल्या हाताला चूक माफ, दुसऱ्या हाताला नाही. पहिला चुकणारच, त्याला पकडायलाच दुसरा ठेवलाय. आणि प्रत्येकानं आपल्याच पासवर्डनं आपलंच पत्रक भरायचं. दुसऱ्याला पासवर्ड दिला तर घरी.

त्या दिवशी माझं पत्रक सकाळीच झालं होतं. तीस ओळी, अरबीतून डॅनिशमध्ये, सत्तरीतले आणि नव्वदीतले आकडे भरपूर. मी भराभर उरकलं. तक्त्याकडे पाठ होतीच. दुसरा हात तिचा होता. दुपारी तीनच्या सुमारास तिला फोन आला, आईला मुरगूडच्या दवाखान्यात नेलंय म्हणून. ती उभी राहिली, बसली, परत उभी राहिली.

‘‘जा तू,’’ मी म्हटलं.

‘‘पत्रक आजच जायाचंय काका. तीसच्या तीस ऱ्हायल्यात.’’

‘‘मी भरतो. पासवर्ड सांग.’’

‘‘आन् मालकास्नी कळलं तर?’’

‘‘कोण सांगणार हाय? माझ्या पोटात राहतं गं.’’

तिनं एका चिठ्ठीवर लिहून दिलं आणि पळाली.

इथपर्यंत मी चांगला माणूस होतो. पुढं काय केलं ते मी यंदापर्यंत बायकोलाही सांगितलं नव्हतं. मी तिचं पत्रक भरलं नाही. स्वतःचं सकाळचं पत्रक उघडलं आणि ओळीखाली ओळ जशीच्या तशी उतरवली. तीस ओळींना दहा मिनिटं लागली नाहीत. पुन्हा डोकं चालवलं असतं तर अर्धा तास गेला असता. तो अर्धा तास माझ्याकडे होता. मी खाली जाऊन टायरवाल्याशी उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता कसा उखडलाय यावर बोलत उभा राहिलो. पावणेपाचला वर आलो, बटण दाबलं. दोन पत्रकं शेजारी लागली. फरक शून्य. गेलं बाहेर.

तीन आठवड्यांनी तिकडच्या, डेन्मार्कच्या कंपनीचं पत्र आलं. त्यांच्या चाचणीत सापडलं होतं की अरबीत पंच्याण्णव म्हटलं की डॅनिशमध्ये पंच्याहत्तर उमटतंय, आणि बहात्तरचे बावन्न होताहेत. अकरा ओळी. चाचणीतच सापडल्यानं कुणाच्या औषधात गोंधळ झाला नाही. पण त्यांनी विचारलं होतं की दोन माणसांच्या हातून हे निसटलंच कसं, आणि जबाबदार कोण.

ते पत्र वाचलं तेव्हा मला चूक कुठं झाली हे क्षणात समजलं. नव्वद म्हणजे साडेचार विसा. साडेचारातला चार धरला आणि ‘अर्धा चौथा’ लिहून मोकळा झालो. तो तर सत्तर. सत्तरला साडेतीन, म्हणून ‘अर्धा तिसरा’, तो पन्नास. ज्याला साडेतीन आणि साडेचार आईच्या दुधाबरोबर मिळालेत तोच असा चुकेल. बाकीच्या टेबलांवरची पोरं तक्ता बघत होती, त्यांना असं चुकायची बुद्धीच नव्हती. फळ्यावर लोकांना शिकवलेल्या पायरीवरूनच मी स्वतः घसरलो होतो.

मालकानं आम्हा दोघांना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं. बाहेर चार माणसं कान देऊन.

‘‘दाजी चुकले, ठीक हाय,’’ तो म्हणाला. ‘‘पयल्या हाताचं काय न्हाई. पण तू? अकराच्या अकरा चुका, त्याच ओळी, तेच शबूद? दोन डोकी आसली एकसारखी चुकत्यात व्हय? तू दाजींचं बघून उतरवलंयस.’’

ती म्हणाली, ‘‘मी त्या दिवशी तीन वाजता गेलते साहेब.’’

‘‘गेलतीस? मग पत्रक कुणी भरलं?’’

तिनं माझ्याकडे बघितलं. आरोप करून नव्हे. बस थांबेल का, असं रस्त्याकडे बघतात तसं.

मालकाच्या हातात छापील नोंद होती. पत्रक किती वाजता बंद झालं ती वेळ त्याच कागदावर होती, त्याच्या अंगठ्याखाली. मला माहीत होतं तिथं पावणेपाच लिहिलंय. त्यानं अंगठा उचलला नाही. मी उचल म्हटलं नाही. मी टेबलाच्या कडेचा निघालेला सनमाईका बघत राहिलो.

‘‘मीच भरलं,’’ ती म्हणाली. ‘‘जायाच्या आधी. घाईत.’’

मला वाटतं तिनं असा विचार केला असेल की काकांनी माझ्यासाठी केलं, त्यांचं नाव घेतलं तर दोघं जाऊ. आणि पासवर्ड दिलाच होता, म्हणजे ती तशीही जाणार होती. तो विचार मी करायला हवा होता, तिनं नव्हे.

पाऊण तासात तिनं टेबल आवरलं. ती जिना उतरली तेव्हा पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, ‘‘कोट्यातली डोकी ही.’’ दोघं हसले. आमच्याकडे कुठला कोटा? खाजगी ऑफिस. हे वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. तिथंच राहिलं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या हाताचं सगळं काम मालकानं माझ्याकडे दिलं.

तेव्हापासून मी त्या खुर्चीत आहे. लोकांची पत्रकं माझा दुसरा हात लागला की बाहेर जातात. तक्ता आता मी समोर लावलाय. प्रत्येक सत्तरला मान वर करतो. सोडून जावं असं दर महिन्याला वाटतं. पण या वयात, या कामाला, कोल्हापुरात दुसरं दार नाही. आणि सोडायला कारण सांगावं लागलं असतं. बायकोला, तिच्या भावाला, टायरवाल्यालासुद्धा. जे सांगता येत नव्हतं त्यानंच मला तिथं बसवून ठेवलं होतं. त्या मुलीचा मात्र दर दिवाळीला फोन यायचा. ‘‘काका, बरं हाय का?’’ आई सावरली होती. ती कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागली होती. खोक्यांवर लेबलं लावायची, आठ तास उभं राहून. मी म्हणायचो, ‘‘चांगलंय, चांगलंय.’’

यंदा श्रावणात तिचा फोन आला. पुण्यात एका कंपनीत जागा निघाली होती, भाषेच्याच कामाची. तिची परीक्षा झाली, मुलाखत झाली, पसंतही पडली. मग त्यांनी आमच्या मालकाला फोन केला आणि त्यानं सांगितलं, तपासणीत नक्कल केली म्हणून काढलं. पुण्याच्या बाई भल्या होत्या. तिला म्हणाल्या, त्या वेळच्या वरिष्ठांचं पत्र आणा, आठ दिवसांत. न आणलं तर जागा दुसऱ्याला.

‘‘तुमीच होता की वरिष्ठ,’’ ती म्हणाली. ‘‘दोन ओळी लिवून द्या काका.’’

घरी बायकोला सांगितलं. सगळं सांगितलं, उतरवल्याचंसुद्धा. ती भाजी निवडत होती. निवडतच राहिली.

‘‘तिनं काय मागितलंय?’’ मग म्हणाली. ‘‘चांगलं पत्र मागितलंय न्हवं? द्या की. पोरगी हुशार हाय, कामसू हाय, चूक बारकी होती. तिचं काम झालं. खरं लिवा म्हणून कुठं म्हणालीया?’’

‘‘न्हाई म्हणाली.’’

‘‘मग? माझ्या भावानं हात दिला म्हणून आपण उभं हाय. त्याच्या तोंडावर शेण मारू नका. आन् मला म्हायेरची वाट बंद करू नका.’’

बायकोचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ती तिच्या जागी अडकली होती, मी माझ्या. मी तिनं सांगितलं तसंच पत्र लिहिलं. हुशार, कामसू, प्रामाणिक. ‘घाईत तिच्याकडून एक किरकोळ चूक झाली, ती क्षम्य आहे.’ खाली सही. वाचून पाहिलं तर छान उतरलं होतं. मला रडू येईल इतकं छान.

तिच्या जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकासमोर गेलो. चहाच्या गाड्यामागं लिंबाखाली बाकडं होतं. ती निळा एप्रन घालून आली. बोटांना लेबलांचा गोंद लागून काळा झालेला. पाण्यानं हात धुतले, पुसले, मगच कागद हातात घेतला. दोनदा वाचला.

‘‘लई चांगलं लिवलंय,’’ ती म्हणाली. मग त्या एका ओळीवर बोट ठेवलं. ‘‘फकस्त हे, ‘तिच्याकडून चूक झाली’. माझ्याकडनं व्हय काका?’’

आवाज चढला नव्हता. तीन वर्षांत तिनं पहिल्यांदा विचारलं होतं.

मी म्हटलं, ‘‘तुला वाटतंय मी तुझं पत्रक डोकं लावून भरलं, आणि परत तसाच चुकलो.’’

‘‘तसंच न्हवं? एकच डोकं. दोनदा तिथंच घसरलं. मी तशीच समजूत घातली माझी.’’

‘‘मी भरलंच नाही. माझं बघून उतरवलं. दहा मिनिटांत. मग खाली गप्पा मारत उभा होतो.’’

चहावाल्यानं दोन ग्लास आणून ठेवले. तिनं तिचा ग्लास बाजूला सरकवला.

‘‘मी आईच्या उशाला बसून म्हणत होते, काका माझ्यासाठी राबत असतील तिकडं,’’ ती म्हणाली. ‘‘मुरगूडात सगळ्यास्नी सांगितलं मी. आमच्या हापिसात एक माणूस हाय म्हणून.’’

मग एप्रनच्या खिशातून पेन काढून माझ्यापुढं धरलं.

‘‘लिवा.’’

माझ्याकडे कोरा कागद नव्हता. चहावाल्याच्या वहीतलं मधलं पान मागून घेतलं. मांडीवर धरून लिहिलं की ते पत्रक मी भरलं, तिच्या पासवर्डनं, माझ्या सूचनेवरून. माझ्याच पत्रकाची नक्कल केली. चुका माझ्या होत्या. विचारलं तेव्हा मी अनवधानानं गप्प राहिलो. तिनं उभ्यानं वाचलं.

‘‘अनवधानानं?’’

मी वर बघितलं.

‘‘चूक अनवधानानं झाली आसंल. गप बसायला अनवधान लागतं व्हय?’’

मी तो शब्द खोडला. ती म्हणाली, खोडलेला कागद पुण्याला चालायचा न्हाई, परत लिवा. दुसरं पान मागितलं. चहावाला म्हणाला, ‘‘पावणं, वही संपवणार काय माझी?’’ कुणी हसलं नाही. दुसऱ्यांदा मी लिहिलं की मला माहीत होतं, तरी मी बोललो नाही. वाक्य लहान झालं. सही केली, फोन नंबर घातला.

‘‘पासवर्ड मी दिला हेबी लिवलंय न्हवं?’’ तिनं विचारलं.

‘‘लिहिलंय. त्यानं तुझं नुकसान होईल.’’

‘‘हूंदे. ती माझी चूक हाय. तेवढी माझी मला ठेवा.’’

भोंगा झाला. कागद घडी न घालता छातीशी धरून ती फाटकातून आत गेली.

सोमवारी त्याच मजकुराची एक प्रत मी मालकापुढं ठेवली. बायकोला सांगून गेलो होतो. ती दोन दिवस बोलत नव्हती, तरी डबा दिला होता. मालकानं वाचलं. दार लावून घेतलं. या वेळी मात्र दार लावायचं त्याला सुचलं.

‘‘दाजी, हे काय हाय?’’

‘‘झालं ते हाय.’’

‘‘तिकडच्या कंपनीला मी तिचं नाव कळीवलंय. आता काय सांगू, आमचं पावणंच चोर निघालं? तीन वर्सं गप होता न्हवं? आजून तीन बसला आसता तर काय बिघडत होतं?’’

‘‘मला काढून टाक,’’ मी म्हटलं. खरंच म्हटलं. केबिनमध्ये जाताना माझ्या वस्तू पिशवीत भरून ठेवल्या होत्या.

त्यानं कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवर लावला.

‘‘तायडीला काय तोंड दाखवू मी? जावा. कामाला लागा.’’ आणि खिडकीतून खाली ओरडला, ‘‘दोन च्या पाठव रं!’’

मी चहा घेतला. नको म्हणता आलं नाही. पिशवीतलं सामान परत खणात ठेवलं. बाहेरच्या टेबलांवर कुणालाच काही कळलं नाही, आणि त्याच आठवड्यात कोट्याबद्दल बोलणाऱ्यानं दुसऱ्या हातासाठी माझ्याकडे पत्रक आणून दिलं. त्याला मी सांगितलं. त्याच्या टेबलाशी उभं राहून, चौघांना ऐकू जाईल असं. त्या अकरा ओळी माझ्या होत्या म्हणालो. तो म्हणाला, ‘‘जाऊं द्या की काका, जुनं झालं.’’ आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.

गुरुवारी पुण्याच्या बाईंचा फोन आला. दोनच प्रश्न. हे पत्र तुम्हीच लिहिलंत का? त्या वेळी का बोलला नाहीत? पहिल्याला हो म्हटलं. दुसऱ्याला म्हटलं, कारण बोललो नाही तरी चालण्यासारखं होतं. त्यांनी बरं म्हणून फोन ठेवला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तिचा निरोप आला. ‘पुण्यात रुजू झाले.’ तीन शब्द. पुढं काका नव्हतं. मी उत्तर लिहायला घेतलं, बरंच लिहिलं, पुसलं आणि ‘बरं झालं’ एवढंच पाठवलं. तिनं ते वाचल्याची खूण आली. या दिवाळीला फोन आला नाही.